यादीत नसलेली फ्लॉपी

शालन तांबेला कचेरीत सगळे 'कम्प्युटरवाली' म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, कुचकेपणा जास्त असे. रत्नागिरीच्या बंदराकडची ती मच्छीमार संघाची कचेरी. शहाऐंशी साली तिथे एकच कम्प्युटर होता. टाइपरायटरला छोटा टीव्ही चिकटवावा तसा दिसायचा, फ्लॉपी घालायला दोन फटी, आणि सीपीएम नावाच्या जुन्या प्रणालीची फ्लॉपी आत असली तरच चालायचा. तो मुंबईहून आला तेव्हा हेडक्लार्क काशीराम पावसकर, म्हणजे भाऊसाहेब, त्याच्या जवळही फिरकले नाहीत. 'शॉक बसला तर?' म्हणून त्यांनी आवक-जावकवरच्या शालनला पुढे ढकललं. बौद्धवाडीतली पोर, बसला तर बसला! शालनला शॉक काही बसला नाही. तीन महिन्यांत अडीचशे होड्या, त्यांचे मालक, लायसनचे नंबर, सगळं तिच्या बोटांवर आलं, आणि तेव्हापासून भाऊसाहेबांच्या पोटात दुखायला लागलं.

त्या वर्षी खंडेनवमीला भाऊसाहेबांनी रिवाजाप्रमाणे कचेरीतल्या हत्यारांची पूजा मांडली. टाइपरायटर झाला, तराजू झाला, कुलुपं-किल्ल्यासुद्धा झाल्या. कम्प्युटरपाशी आल्यावर ते म्हणाले, "ये गो, तू चालवतेस ना ह्याला? पाया पड."

"मी नाही पडणार, भाऊसाहेब. आम्ही मूर्तीच्या, यंत्राच्या, कुणाच्याच पाया पडत नाही. चालवीन मात्र नीट."

शिपाई गंगाराम ताम्हन घेऊन बाजूलाच उभा होता. शालन पिशवी उचलून एसटी गाठायला निघाली. दुसऱ्या दिवशी दसरा, वाडीतल्या बुद्धविहारात धम्मदीक्षेचा कार्यक्रम होता आणि सगळी तयारी तिच्याच गळ्यात होती.

सोमवारी तिने बटण दाबलं तर पडद्यावर दोनच शब्द आले, 'बूट एरर', म्हणजे सुरूच होता येत नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"नाय ना पडलीस पाया? आता भोग," भाऊसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मुंबईहून इंजिनिअर आला. त्याने दोनदा बटण दाबलं, चहा घेतला आणि सांगितलं की बनवणारी कंपनी बुडाली, ही प्रणाली आता कुणी ठेवत नाही, हे मढं उचला. भाऊसाहेबांनी लगेच फळ्यावर सूचना लावली, 'कम्प्युटरला कोणीही हात लावू नये.' शुक्रवारी कमिटी बसणार, कम्प्युटर भंगारात जाणार आणि शालन पुन्हा तिकिटं चिकटवायला. खरं सांगायचं तर तिला रडू आलं होतं. पण त्या सूचनेतले 'हात लावू नये' हे शब्द वाचले आणि रडू जिथल्या तिथे आटलं. असले शब्द तिच्या घरात तीन पिढ्यांनी ऐकले होते.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत गंगाराम हळूच जवळ आला. "शालनताय, कुनाला सांगू नको हां. तू गेलीस नि भाऊसाहेबांनी ती फ्लॉपी भायेर काढलान. ओला कुंकू लावलान, अक्षता टाकलान, नि परत आत सारलान."

शालनने तिथल्या तिथे फ्लॉपी ओढून काढली. तिच्या पाकिटाला तबकडी उघडी दिसते त्या खिडकीत लालभडक बोट उमटलं होतं आणि तांदळाच्या कण्या घासून तबकडीवर चरे पडले होते. भाऊसाहेबांनी हे श्रद्धेनेच केलं होतं, वाकडेपणाने नव्हे. पण खापर मात्र तिच्या डोक्यावर फोडलं, आणि ते तिला गिळवेना. तिने स्पिरिटात कापूस बुडवून फटीच्या आतलं, तबकडी वाचणारं डोकं पुसलं. कापूस लाल झाला. तो तिने कागदात बांधून पर्समध्ये ठेवला.

फट साफ झाली, तरी प्रणाली त्या एकाच फ्लॉपीवर होती आणि ती तर गेली होती. होड्यांची फ्लॉपी शाबूत होती, पण प्रणालीवाचून ती उघडणार कशी? मग तिने कम्प्युटरबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं. एसटीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन, एकेक वाक्य फोडत गेली. गुरुवारी पावस गावाच्या अलीकडे एका वाक्यावर ती थांबली. प्रणाली राहते तबकडीच्या अगदी बाहेरच्या दोन वर्तुळांत. फायलींच्या यादीत तिचं नाव नसतं. यादी पुसली तरी ती पुसली जात नाही.

शालन एवढ्या मोठ्याने हसली की कंडक्टरने वळून पाहिलं. वस्तीच्या बाहेर राहायचं, यादीत नाव नाही, आणि जिच्यावाचून गावाचं पान हलत नाही! ही तर आपलीच वाडी, ती मनात म्हणाली.

कम्प्युटर बसवायला आलेल्या माणसाने शिकवण्यासाठी दिलेल्या बारा फ्लॉप्या तिने स्वतःच पुसून त्यांवर 'रिकामी' लिहिलं होतं. एखादीच्या बाहेरच्या वर्तुळांत प्रणाली उरली असेल, म्हणून शुक्रवारी सुट्टीत ती एकेक घालत बसली. अकरा झाल्या, अकराही वेळा 'बूट एरर', आणि बारावी कुठे सापडेना. तेवढ्यात कमिटीची माणसं आत आली, पुढे चेअरमन बाबाजी खडपे. जुने तांडेल, अख्खी हयात होडीच्या सुकाणूवर गेलेली.

"हात लावू नको म्हटलं होतं ना!" भाऊसाहेब ओरडले.

"म्हटलं होतंत. मी लावला."

भाऊसाहेबांना घाम फुटला होता. ऑक्टोबरचा उकाडा, तिच्या टेबलावरून कधीतरी उचललेल्या चौकोनी पाकिटाने ते वारा घेत होते. शालनचं लक्ष त्या पाकिटाकडे गेलं.

"ती द्या इकडे."

"ही रिकामी आहे. तूच लिहिलंयस."

"यादी रिकामी आहे. द्या."

"दे रे काशीराम," चेअरमन म्हणाले.

तिने बारावी घातली. फट घरघरली. पडद्यावर 'ए' उमटला आणि पुढे बाणाचं टोक. शालनने दुसऱ्या फटीत होड्यांची फ्लॉपी सरकवली.

"माजी होडी दाव बघू, जलराणी," खडपे म्हणाले. जलराणी आली, नंबरासकट, मालकाच्या नावासकट. म्हाताऱ्याने पडद्याला बोट लावून आपलं नाव वाचलं. मग शालनने पर्समधला लाल कापूस सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. "बिघाड हा होता. माझ्या पाया न पडण्याने काही झालेलं नाही. हे मिनिटबुकात लिहा."

लिहिलं गेलं. कम्प्युटर राहिला, शालनही राहिली. त्या संध्याकाळीच तिने प्रणालीच्या तीन नकला काढल्या आणि एक घरी नेली.

पुढच्या खंडेनवमीला भाऊसाहेब ताम्हन घेऊन कम्प्युटरच्या खोलीकडे आले. शालन उंबऱ्यात उभी होती.

"पूजा करा, भाऊसाहेब, पण तिथूनच. हात लावायचा नाही."

"अगो, लांबून कसली पूजा?"

"होते. माझ्या आज्याने जन्मभर देवळाबाहेरूनच केली."

भाऊसाहेबांनी दारातूनच हात जोडले.