सुक्या बोंबलाचा खटला

आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये लोकशाही आली ती विमानानं. आम्ही पाच जण राहायचो, सगळ्यांच्या बायका देशात. त्यातला एक सेल्समन मुलीकडे न्यू जर्सीला राहून आला आणि येताना अमेरिकेची राज्यघटना पाठ करून आला.

"सगळी सत्ता एकाच्या हातात नको," तो म्हणाला. "कायदे करणारे वेगळे, राबवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा."

राबवणारा, म्हणजे अध्यक्ष, अर्थातच तो. कायदे पुण्याच्या दोन इंजिनिअरांनी करायचे. न्यायाधीश मी, कारण वयानं थोरला, आणि तिथे म्हणे सर्वोच्च न्यायाधीश तहहयात असतो. उरला मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये काम करणारा मालवणकडचा वेल्डर. तो जनता.

जनतेला हक्क भरपूर होते. बोलण्याचा, वकील घेण्याचा, गप्प राहण्याचा. स्वयंपाकही तोच करायचा. पण तो हक्क नव्हता, सवय होती.

पहिला कायदा झाला तो सुक्या बोंबलांविरुद्ध. वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार आली होती आणि वॉचमननं बजावलं होतं, "एक बार और, फिर खलास, सब बाहर!" वेल्डर गावाहून दरवेळी बोंबील आणायचा. त्यानं बोलण्याचा हक्क वापरला. ऐकण्याची सक्ती घटनेत नसल्यामुळे कायदा चहा संपायच्या आत मंजूर झाला : जो बोंबील भाजेल, तो फ्लॅट सोडेल.

आता खरं सांगतो. मी मासे सोडलेत, असं मी घरी बायकोला आणि इथे सगळ्यांना सांगितलं होतं. नाकाला सांगायचं राहिलं होतं. एका रविवारी फ्लॅटमध्ये कोणी नसताना मी वेल्डरच्या कपाटातले बोंबील काढून तव्यावर टाकले. दार वाजलं. वॉचमनचा आवाज ऐकून मी श्वाससुद्धा रोखला. तो जाईपर्यंत बोंबील करपले. तसेच खाल्ले.

भाजणाऱ्याला काढा, नाहीतर सगळे बाहेर, असं वॉचमननं अध्यक्षांना सांगितलं आणि संध्याकाळी हॉलमध्ये वेल्डरवर खटला उभा राहिला.

"गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष आहे," अध्यक्षांनी जाहीर केलं. "चल, आता सांग, का भाजलेस?"

"बोंबील माझेच, पण मी नाय भाजलंय," वेल्डर म्हणाला. "मी ओव्हरटाइमला होतंय. फोरमनला फोन लावा."

"साक्षीदार बोलावायचा तुला हक्क आहे. पण लवकर निकालाचाही हक्क आहे, हबीबी. फोरमन आज कुठला फोन उचलतोय? यल्ला, चल लवकर, एक हक्क निवड."

"मग वकील तरी द्या."

"देऊ की. कोण होतंय वकील?"

दोन्ही इंजिनिअर मोबाइलमध्ये खूप गुंतले होते. वेल्डर माझ्याकडे वळला. "काका, तुमी तरी सांगा."

स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही, हे त्या घटनेतलं कलम मला त्या क्षणी फारच आवडलं. मी घसा साफ केला आणि निकाल दिला : दोषी.

तो कंपनीच्या कॅम्पात गेला, दाटीवाटीच्या खोलीत. निघताना उरलेल्या बोंबलांची पिशवी त्यानं माझ्या हातात दिली.

"काका, खिडकी उघडून भाजा."

एवढं ऐकूनही मी आणखी दोन वर्षं न्यायाधीश राहिलो. गेल्या आठवड्यात मात्र राहवलं नाही. हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं. अध्यक्ष जरा विचारात पडले. "न्यायाधीशाला काढायचं तर महाभियोग लागतो, काका. कोण करत बसणार? आणि वॉचमनला कळलं, तर आपण सगळेच बाहेर. सोडा ना." आरोपीला गुन्हा कबूल करूनही सुटू देणारी अशी उदार घटना दुसरी नसेल.

शुक्रवारी मी बसनं मुसफ्फाला गेलो. वेल्डर कॅम्पाच्या गेटवर आला. मी सगळं सांगितलं.

"माका म्हायत होता," तो म्हणाला. "तुमच्या शर्टाक वास येत होतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कोणाकडे बोलू? न्यायाधीशाकडे?"

"परत चल. तुझी जागा अजून रिकामी आहे."

"आता थंय न्यायाधीश कोण?"

"मीच. तहहयात."

"मगे नको."

तो आत गेला. तहहयात असला तरी न्यायाधीशाला राजीनामा देता येतो, हे मला परतीच्या बसमध्ये सुचलं. अध्यक्षांना तिथूनच फोन करून राजीनामा दिला. मग वेल्डरला लावला. पूर्ण रिंग वाजली, त्यानं उचलला नाही.

गप्प राहण्याचा हक्क त्यालाही आहे. मी उद्या पुन्हा लावणार आहे.