त्या घरी कोण कोण झोपलं होतं?

सरोवराकाठच्या त्या गावात डॉर्सिला आओकोला कुणी नावाने हाक मारत नसे. आलेगो भागातून ती सून म्हणून आली, तेव्हापासून सगळे तिला ‘न्यार आलेगो’ म्हणत, म्हणजे आलेगोची लेक. पोरांना लस द्यायला न्या, अडलेल्या बाईला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात पोचवा, मच्छरदाण्या वाटा, असली बिनपगारी कामं ती वर्षानुवर्षं करत आली आणि गावानेही ती हक्काने करून घेतली. मग कोरोना आला. सरकारी दवाखान्याने तिच्या अंगात पिवळं जाकीट चढवलं आणि सांगितलं, आजारी माणूस कुणाकुणाला भेटला, त्याचा माग काढायचा. झालं! वाळवलेली ओमेना मासळी विकणाऱ्या बायका तिला लांबून पाहिलं की ओरडायच्या, "न्यार कोरोना आली गं! दारं लावून घ्या!" ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. गावं सगळीकडची सारखीच.

"हा रोग म्हणे विमानातून येतो," बाजारात एक म्हातारा तिला म्हणाला होता. "आमच्यात विमानात कोण बसलंय? आमची कोंबडीसुद्धा मोटारसायकलवरून येते." सगळे हसले. डॉर्सिलाही हसली, आणि हसता हसता त्याने सकाळी कुणाच्या हातचा चहा घेतला ते काढून घेतलं. तिला हे जमायचं. कुणाच्या घरात काय शिजलं, कोण कुणावर रुसलंय, कोण चोरून कुणाकडे जातं, हे तिला आधीच ठाऊक असे. विचारायचं ते नावापुरतं. दवाखान्यातली म्वेंडे सिस्टर परमुलखातली, कांबा जमातीची. तिला हे कुठून कळणार? ती म्हणायची, "डॉर्सिला, तू नसतीस तर मी आंधळी झाले असते." हे वाक्य डॉर्सिलाला फार आवडे. तिने ते नवऱ्याला दोनदा ऐकवलं होतं.

पाऊसकाळ संपता संपता सरहद्दीवर ट्रकवाल्यांची तपासणी सुरू झाली आणि त्यात ओकुमु सापडला. ओकुमु म्हणजे डॉर्सिलाच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा, बेंटाचा नवरा. चार दिवस घरी राहून तो पुन्हा गाडीवर गेला होता आणि सरहद्दीवरच त्याला विलगीकरणात टाकलं. बेंटाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीपलीकडे होतं. डॉर्सिला जाकीट चढवून निघाली.

अंगणात बेंटा मक्याच्या कण्या पाखडत होती. तिची सासू रिस्पा झाडाखाली स्टूल टाकून बसली होती, न्यायाधीश बसतो तशी. डॉर्सिला कुंपणापाशीच थांबली.

"आत ये की," रिस्पा म्हणाली. "बहिणीच्या घराला भितेस होय? माझ्या ओकुमुला काही झालेलं नाही. ट्रकवाल्यांना बदनाम करायचं म्हणून काढलंय हे."

"इथूनच बरं आहे, आई. बेंटा, ओकुमु घरी होता तेव्हा इथे कोण कोण झोपलं होतं?"

"आम्हीच. हे, मी, पोरं."

"आणि कुणी?"

"आणि कोण झोपणार?" रिस्पाच मध्ये बोलली. "सुनेचं घर म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

"आपली आई बाळाला बघायला येणार होती ना?"

बेंटाने सुपातून मान वर केली नाही. "हे आले त्याच दिवशी येऊन गेली. हे यायच्या आधी, संध्याकाळीच गेली. अंगणातच बसली होती."

आता डॉर्सिलाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ओकुमु आला त्या दिवशी दुपारपासून तिठ्यावर पोलीस उभे होते. आलेगोकडे एकही गाडी सुटली नव्हती, आणि संध्याकाळच्या संचारबंदीत रस्त्यावर सापडलेल्याला ते बदडून काढत होते. मग साठीपुढची बाई घरी गेली कशी? हाच पुढचा प्रश्न होता. दुसऱ्या कुणाच्या अंगणात तिने तो विचारला असता. पण रिस्पाच्या देखत तो विचारायचा म्हणजे काय विचारायचं? माझी आई जावयाच्या छपराखाली झोपली का, असं? सासूने जावयाच्या घरात रात्र काढायची नाही, हे त्यांच्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. काढली तर छिरा लागतो. घरातलं माणूस वाळत वाळत जातं आणि औषध लागू पडत नाही. तसं काही घडलं असेल असं मुलीने नुसतं तोंडातून काढणं म्हणजे स्वतःच्या आईच्या तोंडाला काळं फासणं.

डॉर्सिलाने प्रश्न गिळला. "बरं," ती म्हणाली, "घराबाहेर पडू नका," आणि निघून आली.

संध्याकाळी म्वेंडे सिस्टरचा फोन आला. "पाहुणे कोणी होते का? नीट विचारलंस?"

"सिस्टर, ते माझ्या बहिणीचं घर आहे," डॉर्सिला जरा घुश्शातच म्हणाली. "तिथलं मला विचारावं लागत नाही."

ओकुमु ठणठणीत बरा झाला. त्याला साधा तापसुद्धा आला नव्हता. तो परत आला तेव्हा रिस्पाने कोंबडा कापला आणि कुंपणावरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात न्यार कोरोनाचा उद्धार केला.

तिकडे आलेगोला आई, सिप्रोसा, खोकत होती. भाऊ ओज्वांग मलेरियाच्या गोळ्या देत होता. खोकतच ती चर्चच्या बायकांबरोबर एका मयताच्या घरी जाऊन रात्रभर गाऊन आली, कारण शेजारणीच्या घरी मयत झालं आणि सिप्रोसा गायला गेली नाही असं कधी घडलंच नव्हतं. धाप लागून ती उठेनाशी झाली, तेव्हा कुठे बेंटाने डॉर्सिलाला फोन केला. बराच वेळ नुसती रडत होती.

"ताई, आई त्या रात्री इथेच झोपली होती गं. आमच्या खोलीत, पडद्याच्या अलीकडे. रस्त्यावर पोलीस होते, मी कुठे पाठवू तिला? पहाटे अंधारात काढून दिली. सासूबाईंना पत्ताच नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"त्यांच्यासमोर? ओकुमुच्या आजाराला त्यांनी काय नाव दिलं असतं, तुला माहीत नाही? छिरा! म्हणाल्या असत्या, तुझ्या आईने माझ्या लेकाला खाल्लं. दुसऱ्या दिवशी मला पोरांसकट बाहेर काढलं असतं."

डॉर्सिलाने गाडी मिळवून आईला जिल्ह्याच्या इस्पितळात नेऊन घातलं. आत जायला बंदी होती. एकदा एका परिचारिकेने फोन आईच्या कानाला लावून दिला.

"आई, मला तरी सांगायचंस."

सिप्रोसा धापा टाकत म्हणाली, "तू विचारलं असतंस तर खोटं नसते बोलले. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू झाकून घेतलंयस. बरं वाटलं मला."

दोन दिवसांनी ती गेली.

म्वेंडे सिस्टरला डॉर्सिलाने सगळं खरं सांगितलं. काम म्हणून सांगावंच लागलं. मयताच्या घरी गायला गेलेल्या बायकांची घरं अजून शोधायची होती, त्यातल्या दोघी अंथरुणाला खिळल्या होत्या. सिस्टरने ऐकून घेतलं आणि टेबलावर हात आपटला. "मी फोनवर विचारलं होतं तुला!"

"आमच्यात तो प्रश्न विचारत नाहीत, सिस्टर."

"मग मीच आले असते! मला कसली लाज होती?"

त्या बाईला खरंच कसली लाज नव्हती, आणि तिने विचारलं असतं तर आई वेळेवर इस्पितळात पोचली असती, आज जिवंत असती.

आईला घरात आणू दिलं नाही. माणूस मेलं तरी एक रात्र त्याने आपल्या घरात झोपायचं असतं. सिप्रोसाला तेवढंही मिळालं नाही. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, पेटीवर औषध फवारलं, घाईघाईने खड्ड्यात उतरवली. मोठ्याने रडायलाही कुणाला सवड मिळाली नाही. मोजक्या माणसांना परवानगी होती. ओज्वांग, त्याची बायको, डॉर्सिला, बेंटा, ओकुमु, आणि विहीण म्हणून आलेली रिस्पा, एवढी माणसं लांब लांब उभी होती.

माती लोटून ती माणसं गाडीत बसून गेली, आणि ओज्वांग डॉर्सिलाकडे वळला.

"साऱ्या मुलखाचे माग काढतेस ना तू? याने त्याला दिला, त्याने हिला दिला, सगळं तुला माहीत. मग आता सांग. आईला कुणी दिला?"

रिस्पाने कान टवकारले. ओकुमु आपल्या बुटांकडे पाहत होता. डॉर्सिलाने बेंटाकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ही बोलेल. खरं नको, अर्धं तरी बोलेल. निदान "दादा, आज नको," एवढं तरी म्हणेल. बेंटाने कडेवरचं पोर सावरलं आणि नाकावरचा मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. खरं सांगावं तर मेलेल्या आईची अब्रू जाते आणि बहिणीचं घर मोडतं.

"माझ्याकडून," डॉर्सिला म्हणाली. "मी घरोघर फिरते. तू घरी नसताना आईला भेटायला आले होते. माझ्या अंगावरून आला."

ओज्वांगचा चेहरा वेडावाकडा झाला. तो मारायला धावला नाही, हेच आश्चर्य. "पुन्हा या अंगणात पाय टाकायचा नाहीस," तो म्हणाला. "मी मेलो तर माझ्या मातीला यायचं नाही. आणि तू मेलीस तर इथून तुझ्या मातीला कुणी येणार नाही. तुझं जाकीट येईल रडायला!"

त्यांच्यात यापेक्षा मोठा शाप नाही. डॉर्सिला तो उभ्या उभ्या ऐकत राहिली.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होते," रिस्पा म्हणाली. "कुंपणापाशी उभी राहून माझ्या लेकावर आळ घ्यायला आली होती, आणि रोग हिच्याच पदरात. ऐकतेस का, बेंटा? या बाईला परत आपल्या घरात घ्यायचं नाही."

"नाही घेणार, आई," बेंटा म्हणाली.