काट्यावरचा हार

देव आहे की नाही, यावर मी कुणाशी भांडत बसत नाही. माझं भांडण साधं आहे: देवाच्या नावानं निघालेल्या गाड्यांना ब्रेक का नसतात? नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना आम्ही चार-पाच जणांनी हे काम सुरू केलं. बसस्टँडवर, धाब्यांवर, यात्रेच्या आदल्या दिवशी गावातल्या पारावर पत्रकं वाटायची. टायर बघा, ब्रेक बघा, ब्रेकच्या हवेचा काटा बघा, मग नारळ फोडा. लोक पत्रक घ्यायचे, त्यात चिवडा गुंडाळायचे आणि गाडीत चढायचे. मला संताप यायचा. त्या संतापात मी देवालाही धारेवर धरायचे. ही माणसं उपाशीपोटी तुझं नाव घेत डोंगर चढून येतात आणि तू त्यांना घासून गुळगुळीत झालेल्या ब्रेक-लायनरच्या भरवशावर सोडतोस? आम्ही लिंगायत. सकाळी आईशेजारी बसून गळ्यातल्या डबीतलं लिंग तळहातावर घ्यायचे, पाणी घालायचे, भस्म लावायचे, पण ओठ हलायचे आणि आत हा तंटा चालू असायचा. पूजा व्हायची, भक्ती होत नव्हती.

गेल्या श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी उदगीरहून आमच्या गल्लीची बस निघाली. नांदेडच्या अंगाला डोंगरात महादेवाचं एक जुनं ठाणं आहे, तिथं दुपारच्या आत अभिषेक करायचा होता. ठरवाठरवी केली होती मन्मथअप्पांनी. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांचं तुरीचं दुकान, आणि गल्लीतलं कुठलंही देवकार्य त्यांच्याशिवाय हलत नाही. बस खासगी, जुनी. ड्रायव्हर विसूकाका, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारे. आई जाणारच होती. तिचा गुडघा दुखतो, डॉक्टरांनी चढ नको सांगितलंय, तरी जाणार. मग मीही चढले. तिला एकटीला त्या बसमध्ये पाठवणं माझ्यानं होईना.

निघायच्या आधीच आमचं वाजलं. आईनं पहाटे उठून झेंडू आणि बेलाचा हार ओवला होता, पाण्यात भिजवून जडशीळ केलेला. ड्रायव्हरसमोर महादेवाचा छोटा फोटो असतो, त्याला तो घातला तर हार खाली लोंबून थेट हवेच्या काट्यावर आला. आमच्या पत्रकावर ठळक अक्षरात छापलंय, काटा झाकू नका. मी तेच म्हणाले.

"अगं, देवाचा हार तुझ्या काट्याला आडवा येतोय व्हय?" आई म्हणाली.

"आई, ते घड्याळ नाही. ते बघून गाडी चालवायची असते."

विसूकाका हसले. "ताई, वीस वर्सं झाली गाडी हाकून राहिलोय. काटा माझ्या पायाला कळतो. आन तसंबी त्या बजरची वायर मीच काढून ठेवलीय, लई पिरपिर करतो."

मी गप्प बसायला नको होतं. पण अप्पांनी मागून आवाज दिला, "पत्रकवाल्या बाई, बसा आता, देव वाट बघून राहिलाय," आणि सगळी बस हसली. मी रागानं पुढच्या सीटवर, आईच्या शेजारी जाऊन बसले. हार तसाच डोलत राहिला.

आता जे सांगायचंय त्यासाठी ही गाडी थांबते कशी ते सांगावं लागेल, आणि खरं सांगू, हे सांगताना मला अजून तेवढाच जोर चढतो. मोटारसायकलच्या ब्रेकला आपल्या हाताचा किंवा पायाचा जोर लागतो. बस-ट्रकच्या वजनापुढं माणसाच्या पायाचा काय पाड? म्हणून तिथं काम हवा करते. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांमध्ये भरत राहतो. ड्रायव्हरनं पॅडल दाबलं की टाकीतली हवा नळ्यांतून चाकापाशी धावते, तिथल्या डब्यातला रबरी पडदा ढकलते, पडद्याचा दांडा पुढं सरतो आणि लायनर ड्रमवर घट्ट बसतात. पाय काढला की तेवढी हवा फुस्स करून बाहेर. प्रत्येक दाबण्याला थोडी हवा खर्च होते, कॉम्प्रेसर ती भरून काढतो. काटा म्हणजे टाकीत किती शिल्लक आहे त्याचा हिशोब, आणि शिल्लक फार कमी झाली की बजर.

पण मग हवा संपलीच तर? वर्गात हा प्रश्न मीच विचारला होता, आणि त्याचं उत्तर कळलं तेव्हा मला बाकावर उभं राहावंसं वाटलं होतं. मागच्या चाकांच्या त्या डब्यांना पाठीला पाठ लावून आणखी एक डबा असतो. त्यात एक दांडगी स्प्रिंग. ती सतत चाक पकडायला बघत असते. हवा तिला मागं दाबून धरते म्हणून चाक मोकळं. हवा गेली की स्प्रिंग उघडते आणि गाडी जागच्या जागी आवळली जाते. हँडब्रेकचा खटका ओढला की हीच हवा सोडली जाते. बघा केवढी गोष्ट आहे ही. पकड आधीपासूनच आहे, ती कुठून आणावी लागत नाही. चालणं तेवढं हवेच्या मेहरबानीवर.

आणि या स्प्रिंगचा गळा आवळायचाही एक बोल्ट असतो. गॅरेजमध्ये काम करताना, किंवा बंद गाडी ओढून न्यायची असेल तेव्हा, तो मागून घालून नट पिळला की स्प्रिंग दाबलेलीच राहते, हवा असो नसो. आपल्याकडं त्याचा उपयोग काय होतो? हवा भरत नाही, गाडी सुटत नाही, गिऱ्हाईक बोंबलतंय, मग मारा बोल्ट आणि काढा गाडी. रस्त्यावर, माणसं भरून. मला या एका सवयीची जेवढी चीड आहे तेवढी कशाचीच नाही.

जळकोट मागं पडलं. डोंगराचा भाग सुरू झाला, रस्ता ओला, दोन्ही अंगाला सोयाबीन. लहान लहान उतार, विसूकाकांचा पाय सारखा ब्रेकवर. मागं बायकांची भजनं रंगली होती. मोठा उतार लागतो त्याच्या जरा अलीकडं अचानक बजर वाजायला लागला. एकसारखा, कान किटवणारा. भजन थांबलं.

"ह्याची वायर तर काढलीय की," विसूकाका पुटपुटले. त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली, बजर थांबेना. मी उठून पुढं झाले आणि हार बाजूला केला. काटा लालमध्ये होता.

"काका, गाडी घ्या बाजूला. आत्ता."

त्यांनी वाद घातला नाही, तेवढं त्यांचं श्रेय. कडेला घेतली, हँडब्रेकचा खटका ओढला, हवा फुसफुसली, गाडी जाम झाली. सगळेच खाली उतरले. पाहिलं तर कॉम्प्रेसरकडून टाकीकडं जाणाऱ्या नळीला चीर गेली होती. ताजी हवा निम्मी बाहेरच उडत होती. टाकीत होतं ते सकाळपासूनच्या उतारांनी संपवत आणलं होतं, आणि काटा फुलांखाली.

मग मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. बजर का वाजला? काढून ठेवलेली वायर उघडीच लोंबत होती, आणि ओल्या हाराचं शेपूट हेलकावे खात खात तिच्यावर येऊन टेकलं होतं. त्या वजनानं वायर पत्र्याला चिकटली. बस्स. हवा कमी झाली की टाकीवरचा स्विच हीच वायर पत्र्याला जोडतो; ती कशानंही पत्र्याला लागली की बजर वाजणारच, टाकी काठोकाठ भरलेली असती तरी वाजलाच असता. हवा संपत आल्याचा त्याला पत्ताही नव्हता. ज्या कारणानं वाजायला हवा होता त्या कारणानं तो वाजलाच नाही, आणि वाजला मात्र नेमका उताराच्या तोंडाशी. मी इंजिनिअर आहे, यातली प्रत्येक पायरी मला समजते. सगळ्या पायऱ्या समजूनही मी त्या हाराकडं बघत तिथंच बसून राहिले.

पण खरी कसोटी पुढंच होती. विसूकाका पाना आणि बोल्ट घेऊन गाडीखाली शिरायला निघाले. रेस दिली की हवा थोडी चढते, स्प्रिंग आवळून टाकतो, पहिल्या गियरवर हळूहळू उतरवतो, खाली गेल्यावर मेकॅनिक बघू, हा त्यांचा बेत. अप्पांनी लगेच होकाराची मान डोलावली. दुपार व्हायच्या आत पोचायचं होतं, बायका उपाशी होत्या. मी आडवी आले. पत्रकात लिहिलेलं सगळं बोलले, न लिहिलेलंही बोलले. पुढच्या चाकांचा जो काय ब्रेक आहे तोही याच हवेवर आहे, उतारावर टाकी रिकामी झाली तर स्प्रिंग तेवढी उरते आणि तुम्ही तीच बांधून टाकताय, भरल्या बसला धरायला काहीच राहणार नाही. माझा आवाज चढत गेला तशी लोकांची तोंडं आंबट होत गेली.

"सोमवारी तरी चांगलं बोलावं गं," कुणी बाई म्हणाली.

"लेकीला शिकवलं की असं होतं," अप्पा आईकडं बघून म्हणाले. "सांगा की तिला, चढ म्हणावं."

कडेच्या दगडावर बसलेली आई उठली. मला वाटलं, आता ही चढणार, आणि ही चढली की सगळे चढणार. आणि मीही चढले असते, तिला सोडून कुठं जाणार होते? त्या क्षणी मी हरले होते. लाज न बाळगता सांगते, मी मनात म्हणाले, माझी हवा संपली, आता तूच बघ. देवाशी मी पहिल्यांदाच न भांडता बोलले.

आई बसकडं गेली, पण पिशवी आणायला. रस्त्यापासून आत, बांधावरच्या कडुलिंबाखाली तिनं पदरानं जागा झाडली, दुखरा गुडघा लांब करून बसली, गळ्यातली चांदीची डबी उघडली आणि लिंग तळहातावर घेतलं.

"अप्पा," ती म्हणाली, "देव गळ्यात बांधून फिरतो आपण. मग बिगीबिगी कुणाकडं पोचायचंय? आणा ते पाणी. अभिषेक हितंच करू."

अप्पांचा हात हळूच आपल्या गळ्याकडं गेला. आमच्यात देव ज्याचा त्याच्या अंगावर असतो, हे त्या बसमधल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. आणि आम्ही सगळे तो अंगावर घेऊन त्याच्याकडं धावत होतो. अप्पांनी चपला काढल्या, आईच्या समोर बसले. मग एकेक करून सगळेच आले. डोंगरावर न्यायचे पाण्याचे तांबे तिथंच उघडले. डावे तळहात एका ओळीत, त्यावर बेलाचं पान, पाण्याची बारीक धार, आणि ओम नमः शिवायचा तो हळू, भरलेला आवाज. आता कुणालाच घाई नव्हती.

विसूकाका गाडीपाशी पाना घेऊन उभेच होते. मी जवळ गेले, आवाज न चढवता म्हणाले, "काका, गाडी तर जाम आहे, चाकांना दगडही लावलेत. रेस देऊन काटा वर आणा, आणि उतारावर दाबता तसा ब्रेक इथंच दाबून बघा."

ते आत बसले. रेस दिली, काटा रडत रडत वर आला. पाय दाबला, फुस्स. काटा उतरला. परत दाबला, परत उतरला. कॉम्प्रेसर घुरघुरत होता, हवा चिरेतून पळत होती. अजून थोड्या वेळात काटा तळाला टेकला आणि त्यांच्या पायाखालचं पॅडल नुसतंच खालीवर व्हायला लागलं. समोर काचेतून तो उतार दिसत होता, खालच्या वळणापर्यंत.

विसूकाकांनी इंजिन बंद केलं.

"समद्यांना घालवलं असतं गं मी," ते म्हणाले. "माझी म्हातारी आयबी मागंच बसली व्हती."

मग ते खाली उतरले. बोल्ट पान्याच्या पेटीत तळाशी टाकला, हात धुतले आणि आईसमोर जाऊन बसले. आईनं त्यांच्या कपाळाला भस्म लावलं.

थोड्या वेळानं उदगीरकडं जाणारी एक एसटी थांबली. कंडक्टर खाली उतरून तळहातांची ती ओळ बघत म्हणाला, "मावशी, यात्रा हितंच भरवली का काय?" म्हाताऱ्या माणसांना घरी न्यायला त्यानं आत घेतलं, विसूकाकांनाही मेकॅनिक आणायला जळकोटपर्यंत नेलं. संध्याकाळी नवी नळी बसली, आम्ही घरी आलो. डोंगरावर त्या दिवशी आमच्यापैकी कुणीच गेलं नाही, आणि कुणी तशी तक्रारही केली नाही.

पत्रकं मी अजून वाटते. काटा झाकू नका, हे वाक्य तसंच ठळक आहे, आणि विसूकाकांनी बजरची वायर जोडून घेतली की नाही ते मी स्वतः वाकून पाहिलंय. देवानं वाचवलं म्हणून ब्रेक न बघणाऱ्यावर मी आजही तितकीच भडकते. पण सकाळचा तंटा मिटलाय. इतकी वर्षं मला वाटायचं, सगळं मीच ओरडून, दाबून, रेटून थांबवायचं आहे. माझ्या जोराच्या पाठीला पाठ लावून दुसरं काही बसलेलं असेल आणि माझी हवा संपल्यावरच ते पुढं येईल, हे मला यंत्रात कळलं होतं, माझ्या बाबतीत कळलं नव्हतं.

आता लातूरच्या स्टँडवर पत्रकं वाटत असते, एखादी बस फलाटाला लागते, ड्रायव्हर खटका ओढतो आणि मागच्या चाकांतून फुस्स आवाज येतो. लोकांना वाटतं, हवा गेली. मला ठाऊक असतं, आता तिला धरलंय. हातातली पत्रकं काखेत जातात आणि माझा हात आपसूक गळ्यातल्या डबीवर जाऊन थांबतो.