पावलं मोजणारे वानखेडे

वानखेडे साहेब चालताना पावलं मोजायचे, तीही ओठ हलवून. कासार आंबोलीतल्या आमच्या घरामागच्या खोलीत ते भाड्याने राहायला आले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी सकाळी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पाहिलं. साहेब आमच्या भातखाचराच्या बांधावरून तोल सावरत, पुटपुटत निघाले होते. ओढ्यावरच्या मोरीपाशी थांबले, खिशातून छोटी वही काढली, त्यात काहीतरी लिहिलं आणि परत फिरले.

"ह्यो मानूस जमीन मोजतोय," तात्या मला म्हणाले. "कुन्या तरी बिल्डरानं धाडलाय."

हे २००३ सालचं. तेव्हा पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारेची कुंपणं पडत होती. काल गुरं चरली त्या माळावर आज कोणी चुन्याचे पट्टे ओढून गेलेलं असायचं. तात्यांच्या चुलतभावाची पाऊण एकर जमीन त्याला पत्ता न लागता दुसऱ्याच्या नावावर गेली होती. त्यामुळे नवा माणूस दिसला की आधी संशय, मग चहा, अशी गावात रीतच पडली होती.

वानखेडे अकोल्याकडचे. उरवड्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचं काम करायचे. पत्नी तिकडे शाळेत शिक्षिका, मुलगी तिच्याजवळ. माणूस उंच, किडकिडीत. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चहाला बोलावलं तर दारातूनच "येतो न नंतर" म्हणायचे आणि यायचे नाहीत. कामावरून आले की आतून कडी. त्यात संध्याकाळी बसमधून उतरून येताना त्यांचे पाय एकमेकांत अडकायचे. मग गावाने दुसरा अंदाज बांधला: पितो.

मी तेव्हा पौडला शाळेत शिकवायचो. सकाळ मोकळी असायची. तात्यांनी मला त्यांच्या मागावर जायला सांगितलं आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही, हे आज लिहितानाही बरं वाटत नाही. चौथ्या दिवशी साहेब बांधावर थांबले आणि मागे न पाहता म्हणाले, "गुरुजी, मागं मागं काऊन येऊन राहिले? सोबत या ना."

मी सांगितलं, फिरायला आलोय. ते म्हणाले, तेही फिरायलाच आलेत. डॉक्टरनं वजन कमी करायला सांगितलंय. दोघेही खोटं बोललो. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा तात्या म्हणाले, "त्याच्या अंगावर मास कुटं हाय? हाडांचं वजन कमी करतोय व्हय?"

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. माझा एक वर्गमित्र साहेबांच्याच कारखान्यात स्टोअरला होता. तो पौडच्या बाजारात भेटला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे वानखेडे पितात का रे?" तो म्हणाला, माहीत नाही, बघतो. एवढंच बोलणं झालं.

मे महिन्यातल्या एका रविवारी साहेबांना उशीर झाला. ऊन चढल्यावर ते निघाले आणि मोरीच्या अलीकडे, कोरड्या खाचरात आडवे पडलेले तात्यांना दिसले. मी धावत पोचलो तेव्हा तात्या त्यांच्या तोंडाशी वाकून वास घेत होते. एकदा घेतला, पुन्हा घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वास न्हाई."

आम्ही दोघांनी त्यांना उचलून घरी आणलं, जांभळाखाली निजवलं आणि मानेवर ओला पंचा ठेवला. अर्ध्या तासाने ते उठून बसले.

"उन्हानं होते असं," ते म्हणाले. "गारवा भेटला की उतरते."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा रोगाचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. तात्यांना कळेना, तेव्हा ते म्हणाले, "वायरीवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडलं की कसं होते? करंट निघते, पण बल्बपर्यंत धड पोचत नाही. माझ्या नसांचं तसं झालं. डोक्यातून निघालेलं पायाला पोचत नाही."

"मंग गप खाटंवर पडायचं सोडून हिंडताय कशाला?"

"मी खाट धरली न तात्या, तर खाट मले सोडणार नाही. चालल्यानं रोग जात नाही, हे मले माहीत आहे. पण जेवढे पाय आहेत तेवढे तरी राहतात."

तात्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी वही मागितली. साहेबांनी ती निमूट दिली. तात्यांनी चष्मा लावून एकेक पान पाहिलं. कुठे गट नंबर नव्हता, कोणाचं नाव नव्हतं. रोज एकच नोंद: मोरीपर्यंत बाराशे चाळीस पावलं, डावा पाय नऊशेनंतर घासला. दुसऱ्या दिवशी, साडेआठशेनंतर घासला.

"पायाचा मले भरोसा नाही," साहेब म्हणाले. "तो रोज वेगळं सांगते. म्हणून लिहून ठेवतो."

तात्यांनी वही परत दिली. "ह्यात आमच्या जिमिनीचं कायबी न्हाई," ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. आईने साहेबांचा कप वेगळा ठेवला होता, रोग लागेल म्हणून. दोन दिवसांनी तात्यांनीच तो विसळून बाकीच्या कपांत मिसळून टाकला.

साहेबांनी त्या दिवशी आमच्याकडून एकच वचन घेतलं होतं: कारखान्यात कळता कामा नये. आम्ही ते पाळलं. पण माझा प्रश्न त्याआधीच तिथे पोचला होता. स्टोअरमधून शॉपवर, म्हणजे यंत्रांवरच्या कामगारांत, आणि तिथून वरच्या साहेबापर्यंत. महिनाभरात वानखेड्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं गेलं, तुम्ही पिऊन येता का? त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या. हो म्हणून बदनाम व्हायचं, नाहीतर कागद दाखवायचे. त्यांनी कागद दाखवले. लोक सहानुभूतीने बोलले आणि वर्ष संपल्यावर करार वाढवला नाही.

करार संपला त्या संध्याकाळी वानखेडे ओट्यावर येऊन बसले आणि शांतपणे सांगू लागले. "कोणीतरी इचारलं म्हणे, वानखेडे पिते का. तिथून निघालं सारं."

तात्यांनी त्या कोणाला तरी दोन शिव्या घातल्या. मी शेजारीच बसलो होतो.

साहेब गेले नाहीत. पिरंगुटच्या एका ठेकेदाराला घरांचे नकाशे काढून देऊ लागले. मी मात्र रोज सकाळी त्यांच्याबरोबर निघायला लागलो. पाऊस असो, थंडी असो, सहा वाजता ते काठी घेऊन अंगणात उभे असायचे. मी कधी म्हटलं, आज राहू द्या, तर म्हणायचे, "पायाले इचारत बसलं तर तो नाहीच म्हणते. त्याले इचारायचंच नाही." मोजायचं काम आता माझ्याकडे आलं होतं. दुसऱ्या वर्षी डावा पाय सहाशेला घासू लागला, मग चारशेला. मध्ये दोन महिने पुन्हा सातशेवर गेला, तेव्हा त्यांनी घरभर पेढे वाटले.

त्या वर्षी लावणीच्या आधी तात्यांनी फावडं घेऊन ओढ्यापर्यंतचा सगळा बांध हातभर रुंद केला. वीतभर जमिनीसाठी भावकीशी भांडलेला माणूस! मी विचारलं तर म्हणाले, "गुरं घसरत्यात." त्या बांधावरून आमची गुरं कधी जात नव्हती.

२००६ च्या दिवाळीनंतर साहेबांच्या पत्नी त्यांना न्यायला आल्या. आता एकट्याने राहणं जमणार नव्हतं. निघायच्या सकाळी आम्ही मोरीपर्यंत गेलो. मध्ये पाच वेळा बसलो. कठड्यावर टेकल्यावर मी एकदाचं सांगून टाकलं. कारखान्यात तो प्रश्न विचारणारा मी होतो.

साहेबांनी मानेवरचा ओला रुमाल काढून पिळला, पुन्हा ठेवला.

"माहीत होतं मले," ते म्हणाले. "तुमच्या दोस्तानंच सांगितलं होतं. नोकरी गेली त्याच आठवड्यात."

जवळजवळ तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालला होता.

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"राग तर लय आला होता. खोली बदलायले निघालो होतो," ते म्हणाले. "पण बोललो असतो, तर तुम्ही लाजेनं सकाळी येणं बंद केलं असतं. अन् मले एकट्यानं चालणं होत नव्हतं, गुरुजी."