मिस्टर फेरांतींचं चमकणारं कार्ड

"हे कार्ड चमकतंय," मी म्हणालो. "आणि खरं जुनं कार्ड चमकत नाही."

मिस्टर फेरांतींनी टेबलावरची टोपी उचलली, डोक्यावर घातली, परत काढली. ऐंशीच्या घरातला माणूस. "परत बघ," ते म्हणाले.

वॉन नावाच्या शहरातल्या एका इंडस्ट्रियल पार्कमध्ये, टाइल्सच्या वेअरहाउसला चिकटून आमचं ऑफिस आहे. आम्ही जुनी बेसबॉल कार्डं तपासतो. पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटात खेळाडूंच्या चित्रांची कार्डं यायची. पोरं गम खायची आणि कार्डांची वाट लावायची. जी त्यातून वाचली, त्यांच्यामागे आता मोठी माणसं वेडी आहेत. साहजिकच नकली कार्डंही निघतात. अस्सल-नकली ठरवायचं, अस्सल निघालं तर एक ते दहामध्ये ग्रेड द्यायची आणि प्लास्टिकच्या डबीत सील करायचं, हे माझं काम. पुण्यात प्रिंटिंग इंजिनिअरिंग केलं तेव्हा आईला वाटलं होतं, मुलगा पुस्तकं छापेल.

मिस्टर फेरांतींना कार्ड विकायचं नव्हतं. त्यांना धाकट्या भावाचं तोंड बंद करायचं होतं. कार्ड लहानपणी आईनं दिलेलं. पण हा टोनी जन्मभर म्हणत आलाय, "आईनं दिलेलं तू कधीच हरवलंस, आणि तिला कळू नये म्हणून दुकानातून नकली आणलंस." त्या दिवशी टोनीचा वाढदिवस होता. दुपारच्या जेवणाला, कार्ड अस्सल असल्याचं आमचं सर्टिफिकेट त्याच्या ताटाशेजारी ठेवायचं, असा बेत. त्यासाठी कार्ड आमच्याकडे देऊन ते रोज फोन करत होते.

"झालं का?"

"नाही, मिस्टर फेरांती. क्यू आहे."

"माझ्या वयाच्या माणसाला क्यू नसतो, जॉशी."

शेवटी वाढदिवसाच्या सकाळी ते स्वतःच आले, माझा हात घट्ट दाबला आणि समोरच बसून राहिले. आणि आता कार्ड चमकत होतं.

हे चमकणं काय, ते सांगतो. हल्लीच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन घालतात. ब्लॅक लाइटखाली, म्हणजे अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली, तो कागद झगमगतो. जुना कागद मख्ख पडून राहतो. दिवा एका बंद पेटीत असतो. कार्ड ट्रेवर ठेवून आत सरकवायचं आणि वरच्या भोकातून बघायचं.

मी परत बघितलं. परत चमकलं. खात्रीसाठी दुसऱ्याच माणसाचं कार्ड आत सरकवलं. तेही चमकलं. तिसरंही! इथे शहाण्या माणसाला स्वतःबद्दल शंका आली असती. मी अख्ख्या ऑफिसला ईमेल टाकली: "बाजारात नकली कार्डांची मोठी टोळी. मी पकडली आहे."

पाचच मिनिटांत माझी बॉस लिंडा हजर. माझ्या विनायक नावाचं तिनं 'विन' करून टाकलंय. त्या दिवशी ते नाव मला मुळीच शोभत नव्हतं.

ती भोकातून बघत म्हणाली, "विन, ही चमक कुठल्या रंगाची आहे?"

"पिवळी. जरा हिरवट."

"आणि नवा कागद?"

"निळसर पांढरा."

"मग?"

"नवीन टेक्निक असणार त्यांची," मी म्हणालो.

लिंडानं एक दीर्घ श्वास घेतला, खोलीतले दिवे घालवले आणि हातातला ब्लॅक लाइट लावला. तेवढ्यात मिस्टर फेरांती उसळले. "हे कार्ड माझ्या आईनं दिलंय!" म्हणून त्यांनी कार्डावर बोट रोखलं. त्यांचा अख्खा तळवा पिवळाजर्द चमकत होता. टोपीची कडासुद्धा.

ते हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता मीपण नकली?"

लिंडानं सावकाश दिवा माझ्याकडे वळवला. माझी बोटं चमकत होती. शर्टाचा खिसा चमकत होता. भिंग, चिमटा, नाकाचा शेंडा, सगळं.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही पिवळाच. आज खंडेनवमी! सकाळी वृंदानं, म्हणजे बायकोनं, फर्मान काढलं होतं. "भिंग आणि चिमटा काढ बॅगेतनं. पूजा करायचीय."

"अगं, ऑफिसचे आहेत."

"मग? पोट कशावर भरतं? कढईवर?"

तिनं अंगठ्यानं सढळ हळदकुंकू लावलं. मी टिश्यूनं पुसलं, हात साबणानं धुतले आणि स्वच्छ झालो असं समजून मिसिसागाच्या घरून निघालो. हळद अशी जात नाही, हे लग्नात नवरदेव झालेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. ती ब्लॅक लाइटखाली काजव्यासारखी चमकते, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

"तू तुझ्या टूल्सना मसाला लावलास?" लिंडा म्हणाली.

"मसाला नाही. पूजा."

"पूजा. मसाला लावून."

मिस्टर फेरांती एकदम माझ्या बाजूनं झाले. "त्यात काय एवढं? माझी आई मॅचच्या आधी रेडिओवर होली वॉटर शिंपडायची. रेडिओ बिघडला, पण मॅच जिंकलो."

आता प्रश्न एकच होता: हळद कार्डाला लागली का? लागली असती तर डाग कायमचा, आणि माझी नोकरी तात्पुरती. नियमाप्रमाणे कार्ड प्लास्टिकच्या पातळ स्लीव्हमधून बाहेर काढून तपासायचं असतं. मी आळस केला होता. तिन्ही कार्डं स्लीव्हसकट आत सरकवली होती. हळद सगळी स्लीव्हवर. मला कशाबद्दल झापावं, हे लिंडाला बराच वेळ ठरवता येईना. मग तिनं दोन्हींबद्दल झापलं.

मला भिंतीशी उभं करून तिनं स्वतः, स्वच्छ हातांनी, कार्ड बाहेर काढलं. ब्लॅक लाइटखाली ते एखाद्या रुसलेल्या काकांसारखं मख्ख पडून राहिलं. छपाई, कागद, कडा, सगळं अस्सल. एक कोपरा दुमडलेला, म्हणून ग्रेड दहापैकी तीन. मिस्टर फेरांतींनी डबीचा मुका घेतला, सर्टिफिकेट खिशात घातलं आणि टोपी विसरून वाढदिवसाला पळाले.

मी ईमेल टाकली: "टोळी नाही. हळद आहे." त्यावर जे हसरे चेहरे आले, ते अजून येतायत.

चार वाजता फोन वाजला.

"जॉशी, मी टोनीला सगळं सांगितलं. हळद, माझा हात, रेडिओ, सगळं. टेबलावर सगळे हसून हसून रडले."

"आणि सर्टिफिकेट?"

पलीकडे मिस्टर फेरांती खाकरले.

"टोनी म्हणतो, असल्या ऑफिसचं सर्टिफिकेट मी मानत नाही. परत तपासून आण. जॉशी, क्यू किती आहे?"

हल्ली खंडेनवमीला मी फक्त गाडीची पूजा करतो. टोनीनं गाडीबद्दल अजून काही म्हटलेलं नाही.