उद्योग नावाचं घर

लक्ष्मीकांत गुळवणी रोज सकाळी बाहेर पडत, पण त्याला फिरायला जाणं म्हणायची सोय नव्हती. फिरून आलेला माणूस कसा ताजातवाना दिसतो. हे परत यायचे ते कुत्र्यांनी पिटाळलेले, पायजम्याला कुसळं चिकटलेली, आणि हातात ते पिवळं जीपीएसचं यंत्र पूजेच्या ताम्हनासारखं सांभाळून धरलेलं. फाटकातूनच ओरडायचे, "प्रभा, अगं पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीला वळण आहे! मी आपली सरळच काढली होती!"

चंद्रप्रभाबाई तव्यावरच्या पोळीवरून नजर न हलवता म्हणायच्या, "काय बाई एकेक उद्योग!"

हे गृहस्थ एअर फोर्समधून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. शेवटचं पोस्टिंग लखनौजवळच्या बख्शी का तालाबला. साताऱ्याकडे परत जायचं जायचं म्हणत इथेच राहिले आणि विकास नगरच्या पलीकडे, शेतं संपवून नुकत्याच उगवलेल्या एका कॉलनीत त्यांनी घर बांधलं. घर बाईंच्या नावावर. त्यालाही कारण होतं. लग्न झाल्यापासून बाई क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या. जोधपूर, तांबरम, जोरहाट, कुठेही जा, दारावर सरकारी आकडा आणि भिंतीत खिळा ठोकायची बंदी. त्यांची तुळससुद्धा डालड्याच्या डब्यात वाढली, बदलीचा हुकूम आला की उचलायला बरी म्हणून. वास्तुशांतीच्या दिवशी भटजी जायच्या आतच बाईंनी हातोडी घेतली आणि बैठकीच्या भिंतीत स्वतःच्या हातानं एक खिळा ठोकला. त्यावर काही टांगायचं नव्हतं. ठोकता येतो, एवढंच बघायचं होतं.

आता नकाशाचं खूळ कुठून आलं ते सांगायला हवं. त्या भागात कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे बाग हे ठरवणारं एक नियोजनाचं कार्यालय होतं. नाव कशाला घ्या, सगळी एकाच चक्कीचं पीठ खातात. कॉलनीत गटार नाही म्हणून गुळवणी तिथे अर्ज घेऊन गेले, तर बाबूंनी भिंतीवरचा जुना नकाशा दाखवला. त्यावर कॉलनीच्या जागी पेरूची बाग होती. बाबू अगदी नम्रपणे म्हणाले, "साहब, अमरूद के बाग़ में नाली कैसे दे दें?"

दुसरा कुणी असता तर त्यानं बाबूचं डोकं फोडलं असतं नाहीतर हात ओले केले असते. गुळवणींनी इंटरनेटवरचा खुला नकाशा शोधून काढला. कुणीही भर घालावी, कुणीही फुकट वापरावा, असा. झालं! निवृत्त माणसाच्या हाती असलं काही लागलं की घरच्यांनी देवाचं नाव घ्यावं. त्यांनी गल्ल्या काढल्या, विहिरी काढल्या, हातपंप काढले, पीरबाबाची मजार काढली. आणि दर महिन्याला कार्यालयात जाऊन सांगत राहिले, "तुमचा नकाशा फेका, हा घ्या. खुली माहिती आहे. लोकांची माहिती, लोकांनी दिलेली!" कार्यालय त्यांना चहा पाजायचं आणि परत पाठवायचं. चहा मात्र चांगला असे, हे तेही कबूल करत.

असंच एकदा सगळ्या कॉलनीची घरं काढून झाली. शेवटी स्वतःचं घर उरलं. नावाच्या रकान्यात काय लिहावं? नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "आटपा की तुमचे उद्योग, पानं घेतलीत!" गुळवणींना इतकं हसू आलं की त्यांनी नाव टाकलं, 'उद्योग'. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण हौसेला मोल नसतं. हजरतगंजातून पितळी पाटी करून आणली आणि फाटकाला लावली. देवनागरीत, टपोऱ्या अक्षरात, 'उद्योग'.

बाई पाटी बघून आधी रागावल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. पण हा विनोद दोघांपुरताच होता. विनोद केला मराठीत आणि वाचणार सगळी हिंदी. पोस्टमन विचारायचा, "अंकल, काहे का उद्योग है?" शेजारचे मिश्राजी मोठ्या अदबीनं म्हणाले, "गुलवानी साहब, कुछ बनाते हैं तो हमें भी बताइए।" एकदा तर एक पोरगा नोकरी मागायला आला. गुळवणी प्रत्येकाला समजावत बसायचे की मराठीत उद्योग म्हणजे कारखानाच असं नाही, नसते उपद्व्यापसुद्धा. ऐकणारा मान डोलवायचा आणि जाताना पाटीकडे परत एकदा संशयानं बघायचा.

आणि मग दोन हजार चौदाच्या सुमारास ते घडलं, जे कधी घडत नाही. कार्यालयानं ऐकलं! वरून हुकूम आला होता म्हणे, नवा आराखडा संगणकावर करा, खुली माहिती वापरा. एका सल्लागार कंपनीला काम दिलं. कंपनीनं खुला नकाशा जसाच्या तसा उचलला आणि संगणकाला सांगितलं, नावात विद्यालय दिसलं तर हा रंग, अस्पताल दिसलं तर तो रंग, उद्योग दिसलं तर जांभळा. संगणक हुशार. एका घराला रंग देऊन त्याचं पोट भरेना, त्यानं अख्खी गल्ली जांभळी केली. जांभळा म्हणजे औद्योगिक क्षेत्र. तिथे कुणी राहायचं नाही.

नोटीस आली. 'औद्योगिक भूखंड पर अनधिकृत आवास।' मुदतीत जागा खाली करा. बाईंनी ती दोनदा वाचली आणि नवऱ्यापुढे धरली. "अहो, आपल्याच घरात आपण अनधिकृत? मी इथून हलणार नाही, सांगून ठेवते. आता परत डब्यात तुळस लावायची नाही मला!"

दोघं कार्यालयात गेले. तिथे अनुप नावाचा तरुण नियोजक बसला होता. पोरगा भला होता, नोकरीत नवा होता, म्हणूनच भला राहिला असावा. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "सर, यह देखिए। नाम में उद्योग है। डेटा तो आप ही का है।" गुळवणींचं तोंड उतरलं. इतकी वर्षं ज्यांच्या मागे लागले की माझी माहिती वापरा, त्यांनी वापरली होती, काना-मात्रेचाही फरक न करता.

"भाभीजी, आप आपत्ति दर्ज करा दीजिए," अनुप म्हणाला.

हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. बाईंना हे ठाऊक का नव्हतं? पण डोकं फिरलं की माणूस मातृभाषेतच ऐकतो. "आपत्ती तर आलेलीच आहे घरावर! ती दर्ज काय करायची? निवारण करा म्हणावं!" त्या अस्सल मराठीत कडाडल्या. अनुपनं अदबीनं लिहून घेतलं, 'आपत्ति दर्ज।'

घरी येऊन गुळवणींनी खुल्या नकाशातलं नाव एका क्षणात पुसलं. तिथे कुणाची सही लागत नाही, की शिक्का. पण कार्यालय म्हणालं, आम्ही माहिती उचलली तेव्हा उद्योग होता, आता काय आहे ते जागेवर येऊन बघू. गल्लीतल्या सगळ्यांनी हरकती घेतल्या. मिश्राजींनी बोलणं टाकलं. येता-जाता मोठ्यानं म्हणायचे, "हम तो सीधे-सादे घर में रहते थे।" बाई खाली मान घालून ऐकून घ्यायच्या, आणि घरात आल्यावर नवऱ्याशी बोलायच्या नाहीत. उद्योग हा शब्द तर त्यांनी तोंडातून काढूनच टाकला.

गुळवणींनी पाटी उतरवायला घेतली, तर स्क्रू गंजलेले. मिस्त्री म्हणाला, होली के बाद. लखनौमध्ये होळी तोंडावर आली की माणसं काहीही होळीनंतरवर ढकलतात, आणि त्याला कुणी नाव ठेवत नाही.

पण कार्यालयानं मात्र नेमकी तेव्हाच तत्परता दाखवली. गजेंद्रबाबू नावाचे निरीक्षक पाहणीला आले, ते होळीच्या आधीच्या आठवड्यात. आता त्या आठवड्यात लखनौची गच्ची कशी असते? जिकडेतिकडे जुनी धोतरं, चादरी पसरलेल्या आणि त्यावर बटाट्याचे पापड, चिप्स वाळत घातलेले. गुळवणींच्या गच्चीला दिवसभर ऊन. म्हणून मिश्राजींच्या मिश्राइनसकट गल्लीतल्या सगळ्या बायका दरवर्षी इथेच पापड घालायच्या. भांडण पुरुषांचं होतं, पापडांचं नव्हतं. त्यात बाईंनी त्यांना साबुदाण्याच्या पापड्या शिकवलेल्या, कुरडया शिकवलेल्या. त्या दिवशी वर सोरे दाबले जात होते, मोठ्या पातेल्यात चीक रटरटत होता, आणि बाई मधोमध उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, "अरे भाभी, पतला-पतला डालो!"

गजेंद्रबाबूंनी आधी फाटकावरची पाटी वाचली. मग जिना चढून गच्चीवर आले. ओळीनं बसलेल्या बायका बघितल्या, माल बघितला, यंत्रसामग्री बघितली. समाधानानं मान डोलावली. "तो पापड़ उद्योग है।"

"छे हो! ये तो घर का है!" बाई ओरडल्या. "होली का है! सबके घर में होता है!"

"जी हाँ, घर में ही होता है। गृह उद्योग।" गजेंद्रबाबूंनी पुढे केलेली पापडी खाल्ली, उत्तम आहे म्हणाले, आणि खाली उतरले. गल्लीतली बाकीची घरं त्यांनी बाहेरूनच पाहिली. तिथे ना पाटी, ना पापड. सगळी साधी घरं.

निकाल लागला. गल्ली पिवळी झाली, म्हणजे राहण्याची. मिश्राजींनी मिठाई वाटली, गुळवणींच्या घरीसुद्धा पाठवली, माणूस मनाचा वाईट नव्हता. जांभळा राहिला तो एकच ठिपका, तिळाएवढा. 'स्थल पर पापड़ उद्योग संचालित पाया गया।'

गुळवणींची शुद्ध हरपायची बाकी होती. अनुपकडे गेले आणि त्याच्यासमोर हात जोडले. ज्या माणसानं पायलटांनासुद्धा कधी उगाच सलाम ठोकला नाही, तो त्या पोरापुढे हात जोडून उभा राहिला. अनुपला फार वाईट वाटलं. त्यानं नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि बराच वेळ चाळलं. शेवटी त्याचा चेहरा उजळला. "सर, एक रास्ता है। औद्योगिक भूखंड में चौकीदार का आवास अनुमन्य है।"

म्हणजे कारखान्यात कुणी राहायचं नाही, पण कारखान्याचा चौकीदार राहू शकतो, बायकोसह. कागद तयार झाला. मालकीण, श्रीमती चंद्रप्रभा गुलवानी. चौकीदार, श्री लक्ष्मीकांत गुलवानी. निवासाचा प्रकार, 'चौकीदार क्वार्टर'.

बाईंनी कागद वाचला. नवरा चौकीदार, इथपर्यंत त्यांना हसू आवरलं नाही. खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं, म्हणून गुळवणीही हसायला लागले. मग शेवटच्या ओळीवर बाईंची नजर गेली आणि त्या खाली बसल्या. "परत क्वार्टरच," म्हणाल्या. आणि रडल्या. सगळ्या बदल्यांमध्ये मिळून रडल्या नसतील इतक्या रडल्या. गुळवणी नुसते बाजूला उभे. सांत्वन करायला तोंड कुठल्या भाषेत उघडावं हेच त्यांना कळेना.

पुढे एक गंमत झाली, तिला गंमत म्हणायचं असेल तर. औद्योगिक भूखंडाला गटार आधी मिळतं. कार्यालयानं थेट हमरस्त्यापासून गुळवणींच्या फाटकापर्यंत झकास पक्कं गटार बांधून दिलं आणि तिथेच थांबवलं. पुढे पिवळा रंग सुरू होत होता. इतक्या वर्षांच्या अर्जांना असं यश आलं.

पण अर्ज करणारा माणूस विझला होता. गुळवणी सकाळी बाहेर पडेनात. पिवळं यंत्र कपाटावर धूळ खात पडलं. व्हरांड्यात खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसायचे, खरेखुरे चौकीदार बसतात तसे. बाईंनी आठवडा काढला, दुसरा काढला. पोळ्या करताना घर इतकं गप्प असायचं की त्यांना पोळी फुगल्याचा आवाज यायचा. शेवटी एका सकाळी त्यांनी यंत्र कपाटावरून काढलं, पदरानं पुसलं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"उठा. गंज चढेल अशानं. काहीतरी उद्योग करा."

शब्द तोंडातून गेला आणि दोघंही दचकली. मग गुळवणी हळूच म्हणाले, "करू म्हणतेस?"

"करा. आणि आधी हे सांगा, त्या तुमच्या खुल्या नकाशात आपल्यावर आता काय लिहिलंय?"

"काही नाही. मी पुसलं ना."

"मग लिहा."

"नको गं बाई, आता नावंबिवं नको," गुळवणी काकुळतीला आले. "पुन्हा कुणी काहीतरी अर्थ काढेल."

बाई भिंतीतल्या त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होत्या. "घर लिहा," त्या म्हणाल्या. "नुसतं घर. मराठीत तेच, हिंदीतही तेच. ह्याचा दुसरा अर्थ काढायचा असेल तर काढू दे कुणाला काढायचा तो."

चौकीदार उठला, आत गेला, आणि मालकिणीनं सांगितलं होतं ते त्यानं लिहिलं.