ओठावरची मधमाशी

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? त्या तोंडाचाच तर सगळा घोळ आहे.

दिराचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. फोटोत माझे ओठ कायम सुतळीसारखे दिसतात, म्हणून घरी न सांगता अमरावतीत राजापेठेतल्या एका पार्लरमध्ये गेले आणि ओठात फिलर, म्हणजे ओठ भरदार करणारं इंजेक्शन, टोचून घेतलं. टोचणारी बाई डॉक्टर आहे का, हे विचारायचं सुचलं नाही. मेंदीचे नमुने मात्र बारकाईनं पाहिले!

दुपारी गावी पोचेपर्यंत वरचा ओठ भज्यासारखा फुगला. सासूबाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मधमाशी चावली. घरामागे आमचं झेंडूचं शेत, बांधावरच्या कडुनिंबाला मोहोळ. खोटं अगदी चपखल बसलं. सासूबाई चिमटा घेऊन काटा शोधायला बसल्या. नवरा मोहोळाकडे बघत म्हणाला, "पाहुने यायच्या आत याले काढतोच." मी नको म्हटलं, पण कारण काय सांगणार?

तेवढ्यात ओठ ठणकायला लागला. आरशात पाहिलं तर ओठाच्या वर पांढरा डाग आणि भोवती निळसर जाळी. पार्लरवाली फोनवर म्हणाली, बर्फ लावा, उतरेल. उतरेना. मी खरंच घाबरले.

सासूबाईंनी मला ऑटोत घालून अमरावतीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डागावर बोट दाबलं, सोडलं. रंग परत येईना. माशी कधी चावली, हे सासूबाईंनीच सांगितलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या.

"ताई, इथं रक्त अडकलंय. माशीनं असं होत नाही. उशीर केला तर ही कातडी मरेल. खरं सांगा."

शेजारी सासूबाई. ओठ वाचवू की इज्जत? मी डोळे मिटले.

"फिलर टोचलं जी. सकाळी."

मग फिलर विरघळवणारी इंजेक्शनं दिली. दोन तास आम्ही दोघी त्या डागाकडे बघत बसलो. हळूहळू तो गुलाबी झाला, तेव्हा कुठे सासूबाई बोलल्या. "तोंडच सडलं असतं त ओठ कोनाले दाखवले असते वं?" मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

तेवढ्यात दवाखान्याच्या दारातून नवरा आला. दोन्ही ओठ टम्म. मोहोळ काढलं होतं म्हणे. माझ्या खोट्यापायी त्या बिचाऱ्याचे काटे काढावे लागले.

लग्नाच्या फोटोत माझे ओठ पुन्हा सुतळी, वर काळानिळा डाग. शेजारी नवरा, भरदार गुलाबी ओठांचा. अकोल्याच्या चुलत नणंदेनं फोटो पाहून हळूच विचारलं, "वहिनी, दादानं ओठ कुठून करून आनले वो?"

काय सांगणार? म्हटलं, घरच्या घरीच.